सहा बाय नऊचं कार्पेट आणि पाण्याचा दिवस

घट बसायला आठ दिवस राहिले की आमच्या आईला घरातलं सगळं पारोसं दिसायला लागतं. अभ्रे, पडदे, पायपुसणी, आणि मागच्या वर्षी धुऊन पेटीत ठेवलेली, तेव्हापासून कुणी अंगावर न घेतलेली वाकळसुद्धा परत धुवायची. त्या आठवड्यात सोलापुरात कुठल्याही गच्चीवर उभं राहा, चहूकडं वाळत घातलेल्या चादरी. यंदा सगळं धुऊन झाल्यावर आईची नजर हॉलमधल्या कार्पेटवर गेली आणि ती एवढंच म्हणाली, "ह्यावर पाय ठेवून देवघरात जायचं का रे आपण?"

आता आख्ख्या देशाला चादरी आणि टॉवेल पुरवणाऱ्या गावात राहून कार्पेट घेतलंच कशाला, हा प्रश्न मला चार वर्षं विचारला जातोय. एका प्रदर्शनात घेतलं. विकणारा म्हणाला भदोहीचं आहे, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या त्या कार्पेटच्या गावचं, हातानं विणलेलं, प्युअर लोकर, आज शेवटचा दिवस. मी त्यावरून हात फिरवला आणि तिथंच फसलो. बायको मागून शर्ट ओढत होती, ते मला नंतर सांगण्यात आलं, म्हणजे अजून सांगण्यात येतं.

कार्पेट धुणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे स्क्वेअर फुटाला 25 रुपये. सहा बाय नऊ म्हणजे 54 फूट, म्हणजे 1350 रुपये. मी म्हटलं येड लागलंय का, एवढ्यात दोन नव्या चादरी येतील, घरीच धुतो. (ह्या वाक्यावर बायकोनं काही न बोलता मोबाईल बाजूला ठेवून माझ्याकडं बघितलं, तिथंच मी थांबायला पाहिजे होतं.)

पहिलं काम धोपटायचं. मळातला बराचसा भाग कोरडी धूळच असते, ती आधी काढली नाही तर पाणी टाकल्यावर चिखल होतो, हे मला व्हिडिओ बघून कळलं आणि ते खरं आहे. व्हॅक्यूम आमच्याकडं नाही. म्हणून कार्पेट गच्चीवर न्यायचं ठरलं. गुंडाळून उभं केलं तर जिन्याच्या वळणावर ते माझ्या खांद्यावर डुलायला लागलं, पोरगं मागून "डावीकडं पप्पा, डावीकडं!" करतंय, आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" आमच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत हाच गजर करत नंदीध्वजांच्या उंच, जड काठ्या पेलणारे लोक कित्येक आठवडे आधीपासून सराव करतात, मी थेट मैदानात उतरलो होतो.

कठड्यावर टाकून धोपाटण्यानं हाणलं. चार वर्षांची रांगोळी, शेंगांची टरफलं, टिकलीचं अख्खं पाकीट, दोन रुपयांचं नाणं आणि एका कोपऱ्यात शेंगाचटणीचा तेलकट तांबडा डाग, जो पाहुणे आले की मी पाय ठेवून झाकायचो. त्या डागासाठी व्हिडिओतल्या बाईंनी खायचा सोडा टाकून वरून व्हिनेगर ओतायला सांगितलं होतं. ओतलं. काय फसफसलं म्हणून सांगू! मी खूश. आठवीतली पोरगी शांतपणे म्हणाली, "पप्पा, एक आम्ल, एक अल्कली, दोघांनी एकमेकांना संपवलं, आता खाली नुसतं मिठासारखं पाणी राहिलं." डाग होता तिथंच होता, फक्त आता ओला होता.

आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाण्याचा दिवस हा आमचा खरा वार, बाकी सोमवार-मंगळवार नुसते कॅलेंडरवर. त्या दिवशी पहाटे साडेतीनला पाणी आलं आणि मी टाकी भरायच्या आधी कार्पेट भरायला घेतलं. चादर कशी धुतात ते लहानपणापासून बघितलेलं, पावडर टाका, तुडवा, पिळा, वाळत घाला. मी अर्धा किलो पावडर टाकली आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून नाचायला लागलो. फेस आला, लै फेस आला, मग पाणी टाकलं, अजून फेस आला, अजून पाणी, अजून फेस, आणि प्रत्येक बादलीला खालून बायकोचा आवाज, "अहो, स्वयंपाकाला ठेवा थोडं!" सहा वाजता नळ गेला, फेस राहिला. मग बोअरचं पाणी ओतलं, आमचं बोअर इतकं जड की अंगाला साबण लागत नाही, पण कार्पेटमधला सुटेल तर शपथ.

पिळायचं तर लांबच, ते उचलायलाही जमेना. कोरडं असताना मी एकट्यानं वर आणलेलं कार्पेट आता तिघांना हलेना. आणि वास! भिजलेल्या घोंगड्याचा असतो तो, मेंढरांचा कळप हॉलमध्ये बसवल्यासारखा. लोकर खरी होती, एवढं तरी त्या वासानं सिद्ध झालं.

शेजारचे मामा तावातावानं वर आले. गच्चीच्या पन्हाळातून लाल पाणी त्यांच्या अंगणात वाळत घातलेल्या टॉवेलांवर पडत होतं. पांढऱ्या टॉवेलांवर. मामांनी तीस वर्षं यंत्रमाग चालवलाय, त्यामुळं "काय करलालास बे हे?" एवढं ओरडले आणि पुढं कार्पेट दिसल्यावर टॉवेल विसरलेच. खाली बसले, चष्मा वर केला, कोपरा उलटा केला आणि पाठीवर बोट फिरवलं.

"हे कुणी सांगितलं विणलंय म्हणून?"

मी म्हटलं, विकणाऱ्यानं.

"आपली चादर बघ. इकडं लाल फूल तर तिकडं पिवळं, पण फूल दोन्हीकडं. गाठीचं कार्पेट असलं तरी पाठीवर डिझाईन दिसतंय. हिथं काय दिसतंय तुला? कापड. कापडात बंदुकीनं लोकर खुपसलीय, मागनं डिंकासारखं लॅटेक्स फासलंय आन् ते झाकायला दुसरं कापड चिकटवलंय. आणि तू त्याच्यावर नाचलास." त्यांनी कोपऱ्यातलं ते कापड दोन बोटांत धरून हळूच ओढलं तर चर्रर्र करत वीतभर सुटून आलं, आणि पांढरी भुकटी त्यांच्या धोतरावर पडली. मामा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते तशी नजर मी फक्त दहावीच्या निकालाला वडिलांची बघितलीय.

टॉवेलांचे पैसे घेतले नाहीत त्यांनी. म्हणाले, "तुझं आधीच लै नुकसान झालंय."

त्या रात्री पाऊस आला. सोलापूरला पाऊस म्हणजे उन्हाळाभर आभाळाकडं बघून वाट बघायची गोष्ट, पण सप्टेंबरात संध्याकाळी तो गडगडाट करत येतो आणि त्याला नेमकं माहीत असतं कुणाचं काय वाळत पडलंय. कार्पेट कठड्यावर टाकलेलं, उचलायला माणसं नाहीत. पुढचे दोन दिवस ऊन कडक पडलं, वरून हात लावला तर कोरडं लागायचं, मी आनंदानं घरात आणायचो आणि रात्री परत मेंढरं यायची. लोकर वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात धरून वरून कोरडी भासते म्हणे, हेही पोरीनंच सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

सहाव्या दिवशी वाळलं. लाल रंग क्रीम बॉर्डरीत उतरून गुलाबी झालाय, मागचं कापड लोंबतंय, आणि राहिलेल्या साबणामुळं ते इतकं चिकट की दोन दिवसांत धुण्याच्या आधीपेक्षा काळं झालं. चटणीचा डाग तेवढा शाबूत, रंगसुद्धा न बदललेला. आईनं घट बसायच्या आदल्या रात्री काही न बोलता त्यावर एक लाल-पिवळी चादर अंथरली.

काल गुपचूप त्या 25 रुपयेवाल्याला बोलावलं. त्यानं चादर बाजूला केली, थोडं पाणी शिंपडून अंगठ्यानं दाबलं आणि विचारलं, "साहेब, घरी धुतलं का?"

"नाही ओ," मी म्हटलं, "पावसात भिजलं."

त्यानं अंगठा वर करून मला दाखवला. अंगठ्यावर पांढराशुभ्र फेस होता.

"तुमच्याकडं पावडरीचा पाऊस पडतो का ओ साहेब?"