फाइलची वेळ सरकली म्हणजे फाइलमध्ये कुणी हात घातला असं नाही

‘पेनड्राइव्हवरच्या फाइलची वेळ दुसऱ्या कॉम्प्युटरवर काही तासांनी वेगळी दिसली, तर छेडछाड झालीच समजा. फाइलची वेळ खोटं बोलत नाही.’ खाली चार मुद्दे, त्यांतच ‘उपाय’ म्हणून एक कमांड. हा मेसेज बरेच दिवस फिरतोय आणि मी सोडून देत होतो. पण परवा भाचीने तो पाठवला, ‘मामा, एवढा पुरावा पुरे ना?’ असं विचारत. प्रोजेक्टमधल्या जोडीदाराने आकडे बदलले, असा आळ घ्यायला ती निघाली होती. म्हणून हे लिहिणं आलं.

मुद्दा पहिला: ‘फाइलची वेळ टाइमझोनसकट साठवलेली असते.’ सगळा घोळ इथेच आहे, म्हणून जरा थांबू.

डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धती (फाइल सिस्टिम) निरनिराळ्या असतात. विंडोजची एनटीएफएस यूटीसी, म्हणजे जगाची सामायिक प्रमाणवेळ, साठवते, १ जानेवारी १६०१ पासून मोजलेली, १०० नॅनोसेकंदांच्या हिशेबात. लिनक्सची ईएक्सटी४ सुद्धा यूटीसीच, फक्त मोजणी १९७० पासून. टाइमझोन यांत कुठेच नसतो. तो दाखवताना लावला जातो. पेनड्राइव्हवर नेहमी आढळणाऱ्या फॅट३२ ची तऱ्हा मात्र निराळी. ती सरळ भिंतीवरच्या घड्याळातली वेळ लिहून ठेवते. बदलाच्या वेळेला १६ बिट: तासाला ५, मिनिटाला ६, सेकंदाला ५. पाच बिटांत साठ सेकंद मावत नाहीत, म्हणून सेकंद दोन-दोनच्या टप्प्यांनी. तारखेला आणखी १६. टाइमझोनला उरले किती? शून्य. मायक्रोसॉफ्टच्या ‘फाइल टाइम्स’ या पानावर हे स्वच्छ लिहिलंय: फॅट स्थानिक वेळ ठेवते, एनटीएफएस यूटीसी. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढं एक पान वाचलं असतं तरी भागलं असतं.

आता अशी फाइल लिनक्सवर उघडा. फॅट वाचणारा प्रोग्राम (ड्रायव्हर) ती वेळ घेतो आणि यूटीसी काढायला कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, टाइमझोनचा फरक त्यात मिळवतो. कर्नलकडे हा फरक म्हणजे मिनिटांचा एकच आकडा. तो भरलेलाच नसेल तर शून्य, म्हणजे स्थानिक वेळ यूटीसी समजून वाचली जाणार आणि स्क्रीनवर काही तास पुढे-मागे दिसणार. जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात तिथे तर हिवाळ्यात वाचलेली उन्हाळ्यातली फाइल घरबसल्या एक तास सरकते. कुणी बोटही लावलेलं नसतं. एक्सफॅट या फॅटच्या नव्या भावंडात यूटीसीपासूनचा फरक लिहायला जागा आहे, पाव-पाव तासाच्या मापात, पण ती भरलेली असेलच असं नाही.

म्हणून ओळखायची खूण सोपी आहे: सगळ्याच फाइली सारख्याच तासांनी सरकल्या असतील, वर एखाद-दोन सेकंदांचा फरक असेल, तर तो टाइमझोन आणि फॅटचा टप्पा. भाचीच्या पेनड्राइव्हवर नेमकं तेच होतं. झाडून सगळ्या फाइली, अगदी तिच्या स्वतःच्या सुद्धा.

मुद्दा दुसरा, म्हणजे तो ‘उपाय’: फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींवर ‘टच’ (फाइलची वेळ बदलणारी कमांड) चालवा, वेळा जुळतील. जुळतील, सगळ्या आत्ताच्या होऊन! बदलाची जुनी वेळ पुसली गेली की ती परत आणणारी उलटी कमांड नाही. कुठला मसुदा आधीचा, कुठला नंतरचा, हे कळायचा धागा तुटला. तारखेवर चालणारा बॅकअप प्रत्येक फाइल नवी समजून पुन्हा ओढणार. आणि गंमत बघा, एकीकडे ‘वेळ खोटं बोलत नाही’ म्हणायचं आणि दुसरीकडे ती एका कमांडने बदलून दाखवायची. पुरावा जपायचाय म्हणता ना? मग तो स्वतःच्या हाताने पुसायचा सल्ला कसला देता!

तिसरा, ‘सीटाइम म्हणजे फाइल जन्मल्याची वेळ’. युनिक्स-लिनक्सवर नाही; तिथे ती फाइलची नोंद शेवटची बदलल्याची वेळ. नुसती परवानगी बदलली तरी सीटाइम बदलतो.

चौथा, ‘एटाइमवरून फाइल शेवटी कुणी उघडली ते कळतं’. एटाइम म्हणजे फाइल शेवटी वाचल्याची वेळ; ‘कुणी’ हे त्यात कधीच नसतं. ‘कधी’ म्हणाल तर फॅट फक्त तारीख ठेवते, आणि लिनक्स २००९ पासून ‘रिलेटाइम’ या सेटिंगमुळे प्रत्येक वाचनाची नोंद करतच नाही.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो: एकाच फाइलची वेळ बाकीच्यांपेक्षा वेगळी सरकली असेल तर शंकेला जागा आहे. तपास करणारेही या वेळा बघतात, पण इतर खुणांच्या जोडीने. शंका असेल तर मूळ प्रत आणि पेनड्राइव्हवरची प्रत, दोन्हींवर ‘शा२५६सम’ (मजकुरावरून बोटाच्या ठशासारखा आकडा काढणारी कमांड) चालवा. आकडा तोच आला तर आतला मजकूर तोच आहे, वेळ काहीही दिसो. वेगळा आला तर दोन्ही प्रती शेजारी उघडून काय बदललंय ते बघा आणि मग जोडीदाराला विचारा. आणि मधल्या काळात बॅकअप घ्यायचा असेल तर ‘आरसिंक’ या कॉपी करणाऱ्या कमांडला ‘मॉडिफाय-विंडो’ हा पर्याय १ द्या किंवा विंडोजच्या ‘रोबोकॉपी’ला ‘एफएफटी’. दोन सेकंदांच्या फरकावरून सगळं पुन्हा कॉपी होणार नाही.