ऑरगॅनिक पाठ करून एका रात्रीत निघत नाही

सध्या सांगलीत आमच्या बीएस्सीच्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय, की ऑरगॅनिक केमिस्ट्री (कार्बनच्या संयुगांचं रसायनशास्त्र) म्हणजे नुसती घोकंपट्टी, नोट्स चारदा वाचा, शेवटची रात्र जागा, पास फिक्स, आणि ज्याला टेन्शन येतं त्याने वर्षभर काही केलेलंच नसतं. विश्रामबागला माझ्या शेजारच्या रूममधली ज्युनिअर तो वाचून परवा रडायलाच लागली, पेपर नऊ दिवसांवर आलाय, म्हणून लिहितेय.

आधी घोकंपट्टीचं. शंभर रिअ‍ॅक्शन पाठ केल्या आणि पेपरात हलाइड (कार्बनला ब्रोमीनसारखा अणू जोडलेलं संयुग) बदलून आलं की मग काय करणार? टर्शरी हलाइडमध्ये त्या कार्बनला आणखी तीन कार्बन जोडलेले असतात, त्याच्याभोवती एवढी गर्दी असते की न्यूक्लिओफाइलला (इलेक्ट्रॉन देऊन जोडणाऱ्या कणाला) मागून शिरायला जागाच नसते, पण ब्रोमाइड निघून गेल्यावर उरलेला कार्बोकॅटायन (प्लस चार्जवाला कार्बन) त्या तीन अल्किल ग्रुपमुळे टिकतो, म्हणून तिथे एसएन-वन, म्हणजे आधी ब्रोमाइड जातं, मग न्यूक्लिओफाइल येतो. मिथाइल ब्रोमाइडचं बरोबर उलटं, जागा आहे पण कॅटायन टिकत नाही, म्हणून एसएन-टू, म्हणजे येणं-जाणं एकाच वेळी. आणि प्रोपीनवर (तीन कार्बन, एक डबल बाँड) एचबीआर म्हणजे हायड्रोजन ब्रोमाइड घातल्यावर ब्रोमीन मधल्या कार्बनला का जातो, तर तिथेही हेच, सेकंडरी कॅटायन (दोन कार्बन जोडलेला) प्रायमरीपेक्षा (एकच जोडलेला) जास्त टिकतो. कारण एकच, चॅप्टर दोन निघाले! रिएजंट थोडे पाठ करावे लागतात, हे मान्य.

चारदा वाचलं की ओळखीचं वाटतं, पण कोऱ्या कागदावर उतरेलच असं नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासलं होतं, पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हापुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. आपला पेपर पाच मिनिटांनी नसतो.

जागरणाचं म्हणाल तर दिवसा केलेलं झोपेतच पक्कं होतं. एसवायला मी रात्रभर जागले आणि सकाळी इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारा बाण उलटा, प्रोटॉनकडून डबल बाँडकडे काढून आले, येत असलेला प्रश्न गेला.

आणि टेन्शनवालं वाक्य तर मला फार लागलं. ही पोरगी जतहून येऊन इथे राहते, एक प्रॅक्टिकल बुडवलेलं नाही तिने, तिला टेन्शन येतं कारण तिला हा विषय मनापासून यायला हवाय, आणि असल्या पोरांना तुम्ही कामचुकार कसं म्हणता?

काल आम्ही दोघी वह्या मिटून बसलो. टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडचं मेकॅनिझम (रिअ‍ॅक्शन पायरीपायरीने कशी होते ते) तिने न बघता लिहिलं, एक बाण चुकला, तो तिचा तिनेच पकडला, आणि साडेदहाला झोपली.