दंड आवळून कंडरा लवकर जुळत नाही

"रोटेटर कफचं ऑपरेशन झालंय? दंडाला घट्ट पट्टा बांधून हलका व्यायाम करा, तीन महिन्यांचं काम सहा आठवड्यांत. वजन हलकं म्हणून धोका शून्य. पट्टा कुठलाही चालतो." असा एक फॉरवर्ड फिरतोय, आणि पेशंट तो मोबाइलवर उघडूनच फिजिओसमोर बसतात. रोटेटर कफ म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणारे चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या.

रक्तप्रवाह अडवून व्यायाम करण्याची ही पद्धत (इंग्रजीत ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन) खोटी नाही. जपानच्या योशिआकी सातोंना ती 1966 मध्ये सुचली, तेही एका बौद्ध विधीत मांडी दुमडून बसल्यावर पाय बधिर झाले म्हणून. रक्तप्रवाह थोडा अडवला की कमाल ताकदीच्या 20-30 टक्के वजनानेही स्नायू जड वजन उचलल्यासारखा थकतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हे चांगलं उपयोगी पडतं, कारण पट्टा मांडीवर आणि वाळलेला स्नायूही मांडीतलाच.

खांद्याचं गणित वेगळं. रोटेटर कफचे चारही स्नायू खांद्याच्या फऱ्यावरून निघतात आणि पट्टा बांधता येतो तो दंडावर, म्हणजे त्यांच्या खाली. पट्ट्याच्या वरच्या स्नायूंनाही फायदा होतो असं निरोगी लोकांवरच्या काही अभ्यासांत दिसलं, काहींत जास्तीची ताकद आली नाही. शिवाय निरोगी खांदा म्हणजे टाके घातलेला खांदा नव्हे.

आता "सहा आठवडे". ऑपरेशनात फाटलेली कंडरा हाडाला शिवतात. ती हाडाशी जुळायला वेळ लागतो, म्हणून साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत आणि ताकदीचे व्यायाम बहुतेक वेळा तीन महिन्यांच्या आसपास. हे थांबणं कंडरेसाठी असतं. स्नायू फुगवल्याने हाडावरची शिवण पक्की होत नाही. आणि हलकं वजन म्हणजे शून्य ताण नाही. हातात काही न घेता नुसता हात वर केला तरी शिवलेल्या कंडरेवर ओढ येते. या पद्धतीत 30, 15, 15, 15 अशा 75 आवृत्त्या करतात. शेवटच्या पंधरा कशा होतात ते एकदा आरशात पाहा: खांदा कानापाशी, कंबर तिरकी.

"कुठलाही पट्टा" हे तर सरळ घातक. आधी हाताचा रक्तप्रवाह पूर्ण बंद व्हायला किती दाब लागतो ते मोजायचं, मग त्याच्या साधारण 40-50 टक्के दाब ठेवायचा. घरच्या इलॅस्टिकला ना आकडा ना अंदाज. पट्टा अरुंद असेल तर दाब एकाच जागी बसतो आणि नसा दुखावतात. मुंग्या येणं म्हणजे "काम होतंय" नव्हे. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, काखेतल्या गाठी काढल्या असतील, त्या हाताला डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी धमनीला जोडलेली शीर) असेल किंवा बीपी ताब्यात नसेल, तर विषयच संपला. जपानमधल्या जवळपास 13,000 लोकांच्या पाहणीत शिरेत गुठळी होण्याचं प्रमाण 0.055 टक्के निघालं. आकडा छोटा, पण तो जाणकारांच्या देखरेखीखालचा. बेडरूममधल्या इलॅस्टिकचा नाही.

सर्जनने ताकदीच्या व्यायामाला होकार दिल्यावर, जड वजन सोसत नसेल तर, मी ही पद्धत वापरेन. वाळलेल्या दंडासाठी कदाचित त्याआधीही. पण याच ऑपरेशनात पुष्कळदा बायसेप्सची कंडराही कापून दुसरीकडे बसवलेली असते, आणि पेशंटला ते माहीतच नसतं. म्हणून पट्टा हातात घेण्याआधी ऑपरेशनची नोट मागवायची.