ज्येष्ठ नागरिकांचा सहभाग

गेल्या रविवारी आमच्या बागप्रेमी मंडळाने कोथरूडमध्ये रस्त्यालगतच्या मोकळ्या पट्टीत २५ रोपे लावली आणि मंगळवारी एका स्थानिक पुरवणीत त्याचे छायाचित्र झळकले. डाव्या कोपऱ्यात काठी टेकून उभा असलेला, गालावर चिखल उडालेला गृहस्थ मी आहे. खाली ओळ आहे : ‘काठी टेकत आलेल्या ज्येष्ठ नागरिकांचाही उत्स्फूर्त सहभाग’. माझे वय ५१ आहे, २५ पैकी सहा खड्डे मी खणले होते आणि काठी माझी नव्हती. एवढे तीन खुलासे करण्यासाठी मी पुरवणीच्या कार्यालयात फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलीने अत्यंत आदराने, सावकाश आणि मोठ्या आवाजात विचारले, “आजोबा, पुन्हा एकदा सांगता का?”

मंडळ तसे वाईट नाही. जानेवारीत सर्वांनी मिळून एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन पाहून येणे, शाळांमध्ये पालापाचोळ्याचे खत करून दाखवणे, बियांची देवाणघेवाण करणे, ही कामे वर्षभर सुरळीत चालतात, कारण त्यांत कोणी छायाचित्रकाराला बोलावत नाही. जुलै आला की मात्र मंडळाच्या अंगात येते. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तो चांगला आठवडाभराचा. आम्ही तो अडीच तासांत बसवला आहे आणि त्यांतला पाऊण तास फलक सरळ बांधला गेला की नाही, यावर मतभेद होण्यात जातो.

काठी होती समोरच्या कट्ट्यावरच्या काकांची. वय पंचाहत्तरीच्या पुढचे, भर जुलैत माकडटोपी, मांडीवर मिटलेली छत्री आणि हातात शिसवी काठी. मी दुसरा खड्डा संपवत असताना ते उठून आले आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले, “खोली किती?”

“दीड फूट.”

त्यांनी काठी खड्ड्यात सोडली. काठीवर ब्लेडने कोरलेल्या खुणा होत्या, हे मला तेव्हा दिसले. “सव्वा,” ते म्हणाले. “खाली मुरूम लागला म्हणून थांबलात. झाडालाही तोच लागणार आहे.”

मी पुन्हा पहार उचलली. रोप कसले, असे त्यांनी विचारले. बहावा म्हटल्यावर त्यांचा चेहरा किंचित निवळला, पण त्यामुळे त्यांना मागच्या अध्यक्षांनी लावलेले गुलमोहर आठवले, गुलमोहरावरून मादागास्कर आठवले, आणि मादागास्करवरून आपल्या मेहुण्याची मोटार आठवली, जिच्यावर त्यांतला एक गुलमोहर वळवाच्या वाऱ्यात आडवा झाला होता. मोटारीचा रंग, विम्याची रक्कम आणि मेहुण्याचा मूळचाच तिरसट स्वभाव इतके ऐकून होईपर्यंत माझा दुसरा खड्डा काठीवरच्या खुणेला टेकला होता आणि तिसराही खणून झाला होता. “मापात,” असे म्हणून त्यांनी काठी पुसली.

चौथ्या खड्ड्यात पहार कशात तरी अडकली. ओढले तर काळी प्लॅस्टिकची पिशवी वर आली, रोपवाटिकेत असते तशी, अखंड. आत मातीची हुंडी, तिच्यावर वीतभर वाळकी काडी. मुळे बाहेर पडायला वाट न मिळाल्यामुळे पिशवीच्या आतल्या आत गोल गोल फिरून त्यांची चुंबळ झाली होती.

“हे तुमचंच,” काका म्हणाले.

“माझं?”

“मागच्या वर्षी तुम्हीच लावलंत. अंगात निळा सदरा होता. पिशवी फाडा, पिशवी फाडा म्हणून मी कट्ट्यावरून ओरडलो. तुम्ही हात हलवलात.”

मला तो हात आठवला. कोणी तरी ओळखीचे गृहस्थ कौतुकाने साद घालत आहेत, अशा समजुतीने मी तो हलवला होता.

राग आला तो चुकीचा नाही, चूक सापडल्याचा; आणि मग राग काढायला मी मोठे विषय शोधू लागलो. नागरी भागात झाड तोडायचे तर १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते, पण लावून तहानेने मारायचे असेल तर कोणी अर्जही मागत नाही. राज्यात २०१९ साली ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट होते. रोपांच्या अशा आकड्यांशेजारी मार्च-एप्रिलमधल्या पाण्याच्या बादल्यांचा आकडा मी कधी छापलेला पाहिला नाही. आमच्याकडेही पाणी घालण्याच्या पाळ्यांचा तक्ता दरवर्षी होतो, त्याला सुबक चौकट असते आणि दिवाळीनंतर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. गुरुवार माझा होता. मी दोनदा गेलो.

पण काकांचे काय? कट्ट्यापासून नळ वीस पावलांवर आहे. आठ महिने रोज दोन वेळा तिथे बसून त्यांनी ते रोप वाळताना पाहिले होते. मी त्यांना सरळच विचारले, की तुम्ही एक तांब्या का ओतला नाहीत?

“मी मंडळाचा सभासद नाही,” ते म्हणाले.

या उत्तरावर मी काही बोलणार, इतक्यात आमच्या अध्यक्षांना त्यांची माकडटोपी दिसली. ठरलेले पाहुणे आले नव्हते. दोन मिनिटांत काकांच्या गळ्यात हार पडला, हातात बहाव्याचे रोप आले आणि ते मी खणलेल्या सहाव्या खड्ड्याकडे निघाले. खड्ड्याशी पोहोचल्यावर दोन्ही हात रोपात गुंतले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न पाहता काठी पुढे केली. “धरा जरा.” मी धरली. छायाचित्रकार म्हणाला, “पिशवी राहू द्या, माती सांडतेय, नंतर काढा.” काका वाकले, फलकाच्या मागे दिसेनासे झाले, आणि चित्रात उरलो मी.

बुधवारी संध्याकाळी, अंधार पडल्यावर, मी सहाव्या खड्ड्यापाशी गुडघे टेकले आणि आळ्यात बोटे खुपसली. चार बोटांवर प्लॅस्टिक लागले. आत नख घालून मी पिशवी उभी फाडली, तुकड्या-तुकड्याने वर ओढली, माती पुन्हा दाबली आणि नळावरून दोन बादल्या आणून ओतल्या. पाठीमागे कट्ट्यावर काठीचा आवाज झाला.

“होती ना पिशवी?”

“होती.”

“वाटलंच.” थोडा वेळ गेला. “फोटो पाहिला मी. काठी उलटी धरलीत.”