आधी लोगो, मग संशोधन

ग्राफिक डिझाइनच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट पहिल्याच वर्षी पाठ करून टाकावी. लोगो प्रोजेक्ट मिळाल्याच्या रात्री तयार होतो आणि त्यामागचा विचार जमा करायच्या आदल्या रात्री. काही भोळे लोक हा क्रम उलटा धरतात. पण मार्कांचा तक्ता नीट वाचा. लोगो चांगला आहे का, याचा रकाना एक असतो. तो कसा सुचला याचे चार. मग ज्याला मार्क जास्त, ते जास्त मेहनतीने बनवायला नको का?

समजा, तुम्ही बडोद्यात शिकता. कुठल्या कॉलेजात ते विचारत नाही, तुम्हीही सांगू नका. प्रोजेक्ट असं की शहरातल्या एखाद्या खाण्याच्या जागेला नवी ओळख द्यायची. अर्ध्या वर्गाने सेव-उसळीची गाडी घेतलेली असेल, तुम्हीही घ्या. गाडीवर जाऊन उभं राहायची गरज नाही. उसळ तुम्ही दात आल्यापासून खाताय, तेव्हा 'दीर्घकालीन सहभागी निरीक्षण' आपोआप झालंय. अगदी याच शब्दांत लिहा. फोटो लागतीलच, ते चुलतभावाने गेल्या पावसाळ्यात स्टेटसला टाकले होते.

प्रस्तावनेत सयाजीराव महाराज हवेतच, प्रोजेक्ट उसळीचं असो वा बुटांच्या पॉलिशचं. जमलं तर चित्रकार नंदलाल बोसही घाला. गायकवाडांचं स्मारक असलेल्या इथल्या कीर्तिमंदिराची भित्तिचित्रं त्यांनी १९३९ ते १९४६ या काळात केली. चार भिंती आणि सात वर्षं. तुम्हाला एका गाडीसाठी सहा आठवडे होते. त्यातले तीन गरब्याच्या तयारीत गेले, दीड गरब्यात आणि उरलेले पाय दाबून घेण्यात. तरी तुम्ही 'त्याच परंपरेतले' आहात, असं एक वाक्य असू द्या. परीक्षक बाहेरगावचे असले तर भारावतात. बडोद्याचे असले तर पान उलटतात.

त्यानंतर आकृती. ब्रिटिश डिझाइन कौन्सिलने दोन हिरे शेजारीशेजारी ठेवून डिझाइनची रीत समजावली. आधी प्रश्न पसरवा, मग आवळा. पुन्हा उत्तरं पसरवा, पुन्हा आवळा. हे दोन हिरे प्रत्येक प्रोसेस बुकात, म्हणजे लोगो कसा सुचला ते सांगणाऱ्या पुस्तिकेत, असतात. तुम्ही त्यांना उसळीच्या तर्रीचा लाल रंग द्या, म्हणजे संशोधन स्थानिक होतं. मूडबोर्डबद्दल, म्हणजे कामाचा रंगढंग दाखवणाऱ्या चित्रांच्या तक्त्याबद्दल, बोलण्यासारखं काही नाही, पिंटरेस्टवर 'स्पायसी' शोधलं की होतो.

लोगो एका क्षणात सुचला हे मान्य करायला लाज वाटत असेल तर अमेरिकन डिझायनर पॉला शेर यांचं उदाहरण द्या. सिटी बँकेचा लोगो त्यांनी १९९८ साली पहिल्याच बैठकीत कागदी रुमालावर काढला. ही गोष्ट इथेच थांबवा. त्याआधी त्यांची कित्येक वर्षं याच कामात गेली होती आणि पुढे तो लोगो बँकेच्या गळी उतरवायला बैठकांवर बैठका झाल्या, हे सांगत बसलात तर रुमालाची मजा जाते.

खरं कौशल्य लागतं ते स्केचबुकाला. ते एका बैठकीत भरायचं, पण पेनं बदलत. सुरुवातीची पानं पेन्सिलने, मधली निळ्या बॉलपेनने, शेवटची मार्करने. एकाच पेनाने भरलेली वही एका रात्रीची वाटते. पहिली स्केचेस वाईट हवीत. याचा सराव आपल्याकडे बहुतेकांना करावा लागत नाही. मिरची काढा, वाटी काढा, वाटीत मिरची, मिरचीत वाटी, मग शेवेच्या रेषांतून उगवलेला वड, मग लक्ष्मी विलास पॅलेसचा मनोरा आणि त्यातून निघणारी वाफ. या सगळ्यांवर फुली मारा आणि शेजारी 'फार उघड' असं लिहा. तुमचा तयार लोगो म्हणजे वाटीतली मिरचीच आहे, पण ती गोलात आहे, एवढा फरक पुरतो. शेवटून दुसऱ्या पानावर त्याच लोगोच्या अगदी जवळ आलेलं, पण किंचित चुकलेलं चित्र असावं. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, आता सापडणार पोराला! चहा सांडायचा असेल तर कपाचा गोल डाग पाडू नका, तो सगळेच पाडतात, थेंब शिंपडा. आणि तारखा घालताना कॅलेंडर उघडं ठेवा. दसऱ्याच्या सकाळी 'गाइडशी सविस्तर चर्चा' अशी नोंद केलीत तर पकडले जाल. त्या वेळी गाइड फाफडा-जलेबीच्या रांगेत होते आणि तुम्ही त्यांच्या मागे.

आता अक्षरं. बडोद्यात हे प्रकरण जरा नाजूक आहे. पाटी गुजरातीत हवी, आणि तुम्ही मराठी घरातले, म्हणून देवनागरीतही हवी. गुजरातीला शिरोरेखा नाही, देवनागरीला आहे. शेजारी ठेवल्या की एक लिपी दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसते आणि दुसरी अंगणात मोकळी फिरत असते. जुने अक्षरकार अशा वेळी जाडी, उंची, वळणं जुळवत बसायचे. तुम्ही सरळ देवनागरीची शिरोरेखा पुसून टाका. याला मिनिमल म्हणतात. भ आणि म, ध आणि घ यांच्यातला बराचसा फरक त्या रेषेच्या तुटण्यावर उभा आहे, ही अडचण किरकोळ समजा. समजा गाडीवर नुसतं 'भाऊ' लिहायचंय. तुमच्या लोगोत ते 'माऊ' दिसेल. शाकाहारी गाडीवर मांजराचं नाव, तेही गोलातल्या मिरचीखाली! तरी घाबरू नका, याला 'वाचकाला थांबवणं' असं म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसली की ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसते, तीही पुसा. एकदा पुसायला लागलं की बरंच सोपं होतं.

मूल्यमापनासाठी सर्वेक्षण लागतं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन लोगो टाका. एक तुमचा आणि दुसरा इतका वाईट की निवड राहूच नये. अंगठे येतील, ते मोजा आणि त्यांचा वर्तुळाकार आलेख करा. मात्र दांडिया बाजारातल्या आजीला विचारू नका. ती चष्मा पुसेल, मोबाइल लांब धरेल, जवळ धरेल आणि म्हणेल, "माऊ म्हणजे काय रे? उसळ मांजराची आहे का?" चुकून विचारलंतच, तर आजीला 'लक्ष्यगटाबाहेरील प्रतिसाद' या खाली टाका. ती गाडीवर जाणाऱ्या पिढीची आहे, लोगोवर जाणाऱ्या नव्हे. रस्त्यापलीकडून, संध्याकाळच्या उजेडात, चालत्या स्कूटरवरून नाव वाचता येतं का, असली चाचणी तर मुळीच घेऊ नका. सहा आठवडे पाच मिनिटांत वाया जातात.

ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या, आदल्या रात्री प्रिंट काढायला जाल. स्क्रीनवर कोथिंबिरीसारखा लखलखणारा हिरवा कागदावर शेवाळी उतरेल. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवतो आणि छपाई चार शाईंवर चालते, तेव्हा तो हिरवा त्यांच्या आवाक्यातच नव्हता. हे दुसऱ्या सत्रात शिकवलं होतं. त्या दिवशीही फाफडा होता. दुकानदाराशी भांडा आणि पहाटे पुस्तिकेत वाढवा, 'मातीशी नातं सांगणारी संयत रंगसंगती'.

ज्यूरीत एकच शब्द पुरतो. अक्षरांमध्ये अंतर कमी-जास्त का? इंटेन्शनल आहे सर. मिरची वाटीबाहेर का? इंटेन्शनल. पान क्रमांक चौदानंतर सोळा का? इथे एक क्षण खिडकीबाहेर पाहा आणि मग तेच म्हणा. एखाद्या मॅडमनी पुस्तिका बाजूला ठेवून नुसता लोगो हातात घेतला तर मात्र सावध व्हा. हा प्रकार क्वचित होतो आणि त्याची तयारी कोणी करून घेत नाही. लगेच कॅरोलिन डेव्हिडसनचं नाव काढा. तीही विद्यार्थिनी होती, १९७१ साली तिला नायकेच्या खुणेचे पस्तीस डॉलर मिळाले आणि मालकाला ती खूण फारशी आवडलीही नव्हती. तिने आधी बुटावर खूण ठेवून पाहिली होती का, असं मॅडमनी विचारलं तर वेळ संपल्याचं सुचवा.

राहता राहिले गाडीवाले भाऊ. त्यांना लोगो दाखवायचाच असेल तर मार्क लागल्यावर दाखवा. ते कढईखालची आच कमी करतील, हात पुसून कागद घेतील, पेंटरकडून रंगवून घेतलेल्या आपल्या पाटीकडे एकदा बघतील आणि म्हणतील, "सारू छे, पण ह्यात भाव कुठे लिहायचा?" हा प्रश्न 'भविष्यातील वाव' या पानावर छान बसेल.