बाइकचं इंजिन गाडीत बसवताय? ओरिजिनल ईसीयू फेकू नका

नाशकातल्या कॉलेज टीम्सच्या आणि गॅरेजवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. बाइकचं इंजिन चारचाकीत टाकलं की तिचा ओरिजिनल ईसीयू (पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) चालत नाही, तो काढून टाका. पॉवर चिप लावा, ताकद 25 टक्के वाढते. पेट्रोल जास्त सोडा म्हणजे इंजिन सेफ राहतं. मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता, नेटवर तयार मिळतो, आणि रात्री रिकाम्या रोडवर दोन फेऱ्या मारल्या की ट्यूनिंग झालं. हा मेसेज प्रमाण मानून फॉर्म्युला स्टुडंटच्या (कॉलेजच्या पोरांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेच्या) टीम्स वर्गणीचे पैसे घालवतायत, म्हणून हे लिहितोय.

आधी ईसीयू. तो चालत नाही असं वाटतं, कारण इंजिन सेल्फवर फिरतं पण स्पार्कच येत नाही. बहुतेक गाड्यांत दोष ईसीयूचा नसतो. बाइक आडवी पडली तर इंजिन बंद करणारा एक छोटा सेन्सर असतो, टिप-ओव्हर सेन्सर. त्यावर बऱ्याचदा वरची बाजू दाखवणारा बाण असतो. पोरं तो चॅसिसच्या पाइपला जमेल तसा टायने बांधतात. ईसीयूला वाटतं बाइक पडलीय, आणि तो इंजिन सुरूच होऊ देत नाही. तीच गोष्ट साइड स्टँड, क्लच आणि न्यूट्रलच्या स्विचची. इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असेल तर चावी आणि मीटरसुद्धा त्याच बाइकचे लागतात. म्हणून इंजिन घेताना ईसीयू, चावी, मीटर आणि अख्खं वायरिंग एकाच बाइकचं घ्या. भंगारवाला वायरिंग कापून देत असेल तर तो सौदा सोडा.

केटीएम 390 ड्यूक आपल्याकडे टीम्समध्ये फार चालते. 2023 पर्यंतच्या मॉडेलांचं इंजिन 373 सीसीचं, स्पर्धेची मर्यादा 710 सीसी. पण 2017 पासूनच्या ड्यूकला राइड-बाय-वायर आहे, म्हणजे थ्रॉटल मोटरने उघडतं. ओरिजिनलच्या जागी लावतात त्या स्वस्त स्टँडअलोन ईसीयूंपैकी बऱ्याचशांना ही मोटर चालवताच येत नाही. तिथे ओरिजिनल फेकला की अडकलात.

चिपचं बोलायचं तर बाजारात त्या नावाखाली पुष्कळदा एक रेझिस्टर विकला जातो. तो हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या लाइनमध्ये बसतो, ईसीयूला हवा आहे त्यापेक्षा थंड दाखवतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. एवढंच. इंजिनात हवा तेवढीच जाते, मग 25 टक्के येणार कुठून? पिगीबॅक, म्हणजे ओरिजिनल ईसीयूला जोडून लावायचा डबा, ही मात्र वेगळी वस्तू आहे. पॉवर कमांडर किंवा बेंगळुरूची पॉवरट्रॉनिक यांच्यात आरपीएम आणि थ्रॉटलप्रमाणे आकडे बदलता येतात. किट कारमध्ये बाइकचा सायलेन्सर बसतच नाही, एअरबॉक्सही बदलतो, तेव्हा त्यांचा खरा उपयोग आहे. ईसीयू रिफ्लॅश करता, म्हणजे त्याच्या आतला मॅपच बदलता येत असेल तर तोही चांगला रस्ता.

जास्त पेट्रोल म्हणजे सेफ, हे अर्धंच खरं. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा: 1 म्हणजे नेमकं, त्याखाली पेट्रोल जास्त (रिच), वर पेट्रोल कमी (लीन). फुल थ्रॉटलला लॅम्डा 0.87 ते 0.90 च्या आसपास ताकद चांगली मिळते. त्याहून बरंच खाली गेलात तर ताकद घटते, प्लग काळे पडतात, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं आणि रिंगा झिजतात. पण लॅम्डा किती आहे हे कळायला वाइडबँड सेन्सर लागतो. सायलेन्सरचा आवाज ऐकून ते सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा तयार मॅपचा. बाइकला प्रत्येक सिलिंडरचं वेगळं थ्रॉटल असेल तर मॅनिफोल्ड प्रेशरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचा) सिग्नल धड मिळत नाही, म्हणून मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो या स्टँडअलोन ईसीयूंवर बरेच जण फक्त थ्रॉटल आणि आरपीएमवर मॅप चालवतात. याला अल्फा-एन म्हणतात. वातावरणाच्या दाबाची दुरुस्ती वेगळी चालू केली नसेल तर या मॅपला उंची कळत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर वर आहे. कसारा घाट चढून आलं की हवा सहा-सात टक्के विरळ होते. म्हणजे समुद्रसपाटीचा मॅप इथे तेवढाच रिच चालतो. आता त्यात ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणा. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला 14.7 किलो हवा लागते, ई20 ला साधारण 13.5. त्यामुळे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर केलेला मॅप ई20 वर जवळपास तेवढाच लीन होतो. दोन्ही चुका नाशकात एकमेकींना कापतात, गाडी छान पळते, आणि मॅप जमला असं सगळ्यांना वाटतं. तीच गाडी स्पर्धेसाठी ग्रेटर नोएडाला, दोनशेएक मीटर उंचीवर नेली की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं आणि फुल थ्रॉटलला ती पाचएक टक्के लीन जाते. कोइंबतूरला कारी ट्रॅकवर फरक कमी, पण आहेच. ज्यांचा पिस्टन अशा वेळी जातो ते इंजिनाला दोष देतात.

रोडवरच्या ट्यूनिंगबद्दल थोडक्यात: अशी गाडी रजिस्टर नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार रजिस्टर्ड गाडीचीही मूळ रचना बदलायला मनाई आहे. गंगापूर रोडवर रात्री लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला मित्र आणि पुढे आलेला दुचाकीवाला, दोघांच्याही जिवाशी हा खेळ आहे. डायनो (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणारं यंत्र) भाड्याने घ्या, नाहीतर बंद आवार शोधा.

आणि जे मेसेजमध्ये नाहीच, त्यानेच सर्वांत जास्त इंजिनं मरतात. बाइक वळणात झुकते, त्यामुळे ऑइल संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशीच राहतं. चारचाकी झुकत नाही. ऑइल बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि काही सेकंदांत बेअरिंग जातात. संपमध्ये बॅफल प्लेट, म्हणजे ऑइल सरकू न देणारी पट्टी, बसवा. हे काम नाशकातल्या अंबडच्या कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरकडे होतं. ऑइल प्रेशर सेन्सर लावा, आणि स्टँडअलोन घेणारच असाल तर चालू आरपीएमला प्रेशर ठरावीक आकड्याखाली गेलं की इंजिन बंद करणारं सेटिंग पहिल्याच दिवशी चालू करा, पेट्रोलच्या टेबलला हात लावायच्या आधी.