मार्क टूवाले गृहस्थ

दंतवैद्याकडे ताटकळत असताना माझे इअरफोन मोबाइलमधून निसटले आणि डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘बर्न’ गाण्यातला गिटारचा तुकडा क्षणभर सर्वांना ऐकू गेला, एवढेच निमित्त झाले. समोर सुजलेला गाल तळहातावर तोलून बसलेले एक गृहस्थ ताठ झाले आणि म्हणाले, “हे मार्क थ्री. खरे पर्पल नव्हे.”

बँडमधली माणसे बदलली की चाहते त्या संचाला मार्क वन, मार्क टू असे क्रमांक देतात, हे मला ठाऊक होते. पण त्यावरून माझी लायकी ठरेल, अशी कल्पना नव्हती. गृहस्थांच्या मते १९६८चे गायक रॉड इव्हान्स आणि बेसवाले निक सिंपर म्हणजे निव्वळ नांदी. नाटक सुरू झाले ते १९६९मध्ये इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आल्यावर. प्रत्येक नावाला ते गाल सोडून एक बोट मोडत, कळवळत आणि पुन्हा गाल धरत. ‘मशीन हेड’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण जिथे व्हायचे होते तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो डिसेंबर १९७१मध्ये जळाला, हे तर त्यांनी स्वतःचे सामान आत राहिल्यासारखे सांगितले.

“मग १९७३मध्ये गिलन आणि गिटारवाला ब्लॅकमोर यांचे फाटले. गिलन गेला, ग्लोव्हरही गेला आणि गायक म्हणून आणला कोण? कपड्यांच्या दुकानातला पोरगा!”

“पण कव्हरडेल गातो सुरेख,” मी चाचरत म्हणालो.

“कपडे विकायला हरकत नव्हती.”

मार्क टूच्या संचाचे १९८४चे पुनर्मीलन त्यांनी मंजूर केले. नोव्हेंबर १९९३मध्ये ब्लॅकमोर दौरा अर्धवट टाकून निघून गेला, हेही त्याला शोभले म्हणे. त्याच्या जागी पुढल्या वर्षी आलेल्या स्टीव्ह मोर्सने २०२२पर्यंत गिटार सांभाळली. ब्लॅकमोरची दोन्ही पर्वे एकत्र केली तरी इतकी वर्षे भरत नाहीत. तरीही मोर्स पाहुणाच!

न राहवून मी इयन पेसविषयी विचारले. “ड्रमर? तो कुठे गेलाच नाही, त्याचे काय सांगायचे?”

हे मात्र मला झोंबले. १९६८पासून प्रत्येक संचात हा एकच माणूस ड्रम वाजवतो आहे. भांडणारे भांडले, रुसणारे दोन-दोनदा रुसले आणि परतले, त्यांच्या जाण्यायेण्याच्या तारखा लोकांना तोंडपाठ. चिकटून राहिलेल्याला कोणी मार्कच देत नाही! मी हे तावातावाने मांडत असताना माझा क्रमांक पुकारला गेला आणि उलटूनही गेला. “आता शेवटी,” स्वागतिका मान वर न करता म्हणाली. मागाहून आलेले गृहस्थ माझ्याआधी आत गेले.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, ते थेट माझ्या शेजारच्या खुर्चीत. जबडा बधिर होता, ओठ जुळत नव्हते. “फर्फलचे एक राहिलेच,” ते म्हणाले. “१९८०मध्ये रॉड इव्हान्सने भलतीच माणसे जमवून याच नावाने कार्यक्रम केले, फुढे कोर्टात हरला. त्या सगळ्यांची नावे सांगू?”